अशोक चौकातले शेठजी

सोलापुरात एखाद्या पोराला विचारा, कुठल्या कॉलेजला आहेस? उत्तर एका शब्दात येतं. वालचंदला. आर्ट्सचा असो, सायन्सचा असो नाहीतर इंजिनिअरिंगचा, शब्द तोच. सांगलीला गेलात तर तिथली पोरंही हेच सांगतात, आणि खरं वालचंद म्हणजे आमचंच, असा त्यांचा ठाम समज असतो. तो वाद राहू दे. पण ज्या माणसाच्या नावावर आपण आपली ओळख सांगतो, त्याच्याविषयी आपल्याला माहिती तरी काय आहे?

बहुतेकांचा अंदाज असा असतो: कुणीतरी बडा शेठ असणार, कॉलेजला दणकून देणगी दिली असणार, म्हणून गेटवर नाव लागलं. अंदाज सरळ आहे, पण चुकलेला आहे. शेठ वालचंद हिराचंद दोशी ८ एप्रिल १९५३ रोजी वारले. आपलं आर्ट्स-सायन्सचं वालचंद कॉलेज सुरू झालं १९६२ साली आणि इंजिनिअरिंगचं १९८३ साली. सांगलीचं कॉलेज १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने काढलं होतं, त्याचं वालचंद झालं १९५५मध्ये. म्हणजे यांतल्या एकाही गेटवर आपलं नाव लागलेलं या माणसाने पाहिलं नाही. ती नावं मागे राहिलेल्या घरच्यांनी आणि संस्थांनी दिली.

मग हयातीत त्यांनी पैशाचं केलं काय? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्हालाही वाटेल, कारण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पॅकेजवरून सुरू झालेली आपली चहाच्या टपरीवरची चर्चा शेवटी तिथेच येते. पैसा मिळाला तर पुढे काय?

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२चा, सोलापुरातलाच. घर मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन. फलटणमार्गे सोलापुरात येऊन सावकारी आणि कापसाच्या व्यापारात स्थिरावलेलं. आई त्यांच्या जन्मानंतर लगेचच गेली. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते शेठजी नव्हते. वाचणारे, लिहिणारे, समाजसुधारणेची तळमळ असलेले गृहस्थ होते. जैन बोधक हे मासिक त्यांनी १८८०च्या दशकात सोलापुरातून सुरू केलं. गावाला रेल्वे येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी काढलेली जुनी मिल १८७७पासून धडधडत होती, आणि पेठेत पैसा खेळत होता. मिलचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

श्रीमंतीचं एक गणित वालचंदांना घरातच पाहायला मिळालं. सचोटीने धंदा करायचा, व्याज घ्यायचं, आणि मिळालेल्यातला वाटा धर्मासाठी, शिक्षणासाठी, समाजासाठी काढायचा. जैन गृहस्थाला परिग्रहाची मर्यादा घालून घ्यावी लागते, किती साठवायचं ते आधी ठरवावं लागतं. वडिलांचा मार्ग हा होता आणि तो चांगलाच होता. त्यात कमी काढण्यासारखं मला काही दिसत नाही.

पोराला मात्र तो जमेना. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ साली मॅट्रिक, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी न घेताच शिक्षण सुटलं. घरच्या पेढीवर बसवलं तर तिथेही मन लागेना. उधारीच्या वह्या तपासत गादीवर बसून राहणं हे त्यांच्या पिंडात नव्हतं. आणि त्याच सुमारास त्यांना भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतली कारकुनी केलेला माणूस. कंत्राटं कशी निघतात, मोजमाप कसं होतं, बिलं कशी पास होतात, हे सगळं फाटकांना ठाऊक. भांडवल मात्र नाही. वालचंदांकडे भांडवल आणि पत होती, पण अनुभव शून्य. आजच्या भाषेत फाटक को-फाउंडर. दोघांनी मिळून पहिलं काम घेतलं ते आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं. कुर्डुवाडीवरून धावणारी ती छोटी गाडी तुम्ही पाहिली नसेल, पण घरातल्या आजोबांना विचारा, ते तासभर बोलतील.

फाटक-वालचंद कंपनी वाढत गेली, पुढे टाटांबरोबर भागीदारी झाली, कामं मोठी झाली. तानसा तलावाचं पाणी मुंबईत आणणारी जलवाहिनी, भोर घाटातल्या रेल्वेचे बोगदे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना रात्री आपण गाढ झोपेत ज्या घाटातून उतरतो, तोच हा घाट. १९२६मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. इथवरची गोष्ट यशस्वी कंत्राटदाराची आहे, आणि असे यशस्वी कंत्राटदार आजही प्रत्येक तालुक्यात सापडतात.

फरक पडला तो १९१९ साली.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी एक जुनी प्रवासी बोट घेऊन तिचं इस्पितळ केलं होतं. बोटीचं नाव लॉयल्टी. ती विकायची आहे, हे वालचंदांना एका रेल्वे प्रवासातल्या गप्पांत कळलं. बोटींचा धंदा त्यांनी कधी केलेला नव्हता. सोलापूरचा माणूस, समुद्र इथून किती लांब! तरी त्यांनी पुढाकार घेतला, सोबत घेतलं नरोत्तम मोरारजींना. हे कोण? जुनी मिल काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. सोलापूरच्या सुताचा पैसा आणि सोलापूरच्या पेढीचा पोरगा असे समुद्रावर एकत्र आले. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नेव्हिगेशन. नावातलं सिंदिया म्हणजे आपले शिंदेच.

५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आता तुम्ही म्हणाल, बोट निघाली, त्यात एवढं काय? तर तेव्हा हिंदुस्थानचा समुद्र हिंदी माणसाचा नव्हता. माल आपला, बंदरं आपली, खलाशीसुद्धा आपले. पण बोटी इंग्रज कंपन्यांच्या आणि भाडं ठरवणार ते. याआधी तमिळनाडूत व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली तुतिकोरीनमध्ये स्वदेशी बोट कंपनी काढली होती. इंग्रज कंपनीने तिच्याविरुद्ध भाडं पाडलं, इतकं की शेवटी प्रवाशांना फुकट नेऊ लागले, वर छत्री भेट! पिल्लै १९०८मध्ये तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. हा इतिहास जेमतेम दहा वर्षांपूर्वीचा होता. पैसा सांभाळायचा असेल तर कुठे जाऊ नये, हे सगळ्यांना नीट माहीत होतं.

वालचंद तिथेच गेले. आणि व्हायचं तेच झालं. लॉयल्टीने नफा असा दिलाच नाही, चार वर्षांत ती भंगारात निघाली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाड्याचं युद्ध पुकारलं, मग सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. विकली असती तर पैसे सुटले असते. विकली नाही. १९२३ साली तडजोड झाली ती जाचक अटींवर: किनाऱ्यालगतचा माल तेवढा वाहायचा, बोटींची एकूण क्षमता ठरलेल्या मर्यादेबाहेर न्यायची नाही, प्रवासी वाहतुकीत पडायचं नाही. नरोत्तम मोरारजी १९२९मध्ये मोटार अपघातात गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आलं. पुढची वीस वर्षं त्यांनी ही कंपनी चालवली, भांडत भांडत. देशी किनाऱ्यावरची वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवा, या मागणीचा पाठपुरावा त्यांनी कधी सोडला नाही.

या भांडणात एक तुमच्या वयाच्या पोरांचा मुद्दाही होता. बोटीवरचे अधिकारी गोरेच असायचे. हिंदी तरुणांना ते शिक्षण मिळावं म्हणून बरीच ओरड झाल्यावर १९२७ साली मुंबईत डफरिन ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. पण शिकून बाहेर पडलेल्या पोरांना घेणार कोण? इंग्रज कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. सिंदियाच्या बोटींवर त्यांना जागा मिळाली. नोकरी देणारा आपला नसेल तर नुसत्या डिग्रीचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यानंतरची वर्षं वाचताना दम लागतो. १९३९ साली वालचंद मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकेत बोलणी करायला गेले होते. परतीच्या विमानात त्यांची गाठ पडली विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी, ज्याने चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवला होता. मोटार राहिली बाजूला, विमान डोक्यात बसलं. दुसरं महायुद्ध पेटलेलं, इंग्रज सरकार टाळाटाळ करतंय, अशात म्हैसूर संस्थान पुढे आलं. त्यांनी बंगळुरूला सुमारे ७०० एकर जमीन दिली, भांडवलात भागीदारी घेतली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१मध्ये तिथून पहिलं प्रशिक्षण विमान उडालंही. त्याच वर्षी २१ जूनला विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला बसली. विमान आणि जहाज, दोन्ही सहा महिन्यांत. वय ५८.

आणि मग? एप्रिल १९४२मध्ये सरकारने विमान कारखाना ताब्यात घेतला. जपान ब्रह्मदेशात घुसलेला, युद्धाची गरज आणि मोबदलाही मिळाला, हे सगळं खरं. पण कारखाना हातातून गेला तो गेलाच. हल्ली कुणाचा स्टार्टअप विकला गेला की एक्झिट झाली म्हणून पेढे वाटतात. वालचंदांनी काय वाटलं असेल कोण जाणे, पेढे नक्कीच नाहीत. त्याच महिन्यात जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि गोदीचं काम विस्कटलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते जलउषा हे सुमारे ८,००० टनी जहाज पाण्यात उतरलं. स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं मोठं जहाज. १९५२ साली या गोदीतही सरकार मुख्य मालक झालं.

मोटारीचं स्वप्न शेवटी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने कागदावर आलं आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पुढे याच कंपनीच्या. २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या तेव्हा तुम्हीही एखादी रील शेअर केली असेल.

आता जरा थांबू. कारण इथे गोष्ट फार गोड व्हायला लागली आहे.

वालचंद संत नव्हते. धंदा नफ्यासाठीच करत होते. स्वदेशीचा झेंडा आणि स्वतःच्या कंपनीचं हित त्यांच्या बाबतीत एकाच दिशेला जात होतं, आणि त्याचा त्यांना फायदाही झाला. जोखीम एकट्याच्या पैशाची नव्हती, शेअर घेणाऱ्या हजारो लहान-मोठ्या लोकांची होती. बोट बुडाली तर त्यांचंही बुडणार होतं. देशभक्ती म्हणून शेअर घेतलेल्या माणसाला तोट्याचा ताळेबंद गोड लागतो असं नाही.

आणि जमीन. सोलापूरहून पुण्याला जाताना इंदापूरकडे वळलात की वालचंदनगर आहे. कळंब गावाजवळचा हा माळ. तिथे त्यांनी शेकडो एकरांत ऊस उभा केला, १९३०च्या दशकात साखर कारखाना काढला, वसाहत, शाळा, दवाखाना असं सगळं गावच वसवलं. तिकडे मालेगावजवळ रावळगाव. तसाच माळ, तसाच ऊस, तसाच कारखाना, आणि १९४२पासून गोळ्या-चॉकलेटं. तंत्राच्या दृष्टीने ही शेती वाखाणण्यासारखी होती. पण त्या काळात राज्यातल्या खाजगी साखर कारखान्यांकडे ज्या मोठाल्या जमिनी होत्या, त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी खंडाने दिलेल्या होत्या. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांचे मळे सरकारच्या शेती महामंडळाकडे गेले, त्यात रावळगाव आणि वालचंदनगरचेही मळे होते. मूळ मालक, म्हणजे खंडकरी, आपली जमीन परत मागत पुढची कित्येक दशकं मोर्चे काढत राहिले. इंदापूर-माळशिरसकडची पोरं तुमच्या वर्गात असतील, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरात ही गोष्ट असेल. हा सगळा दोष वालचंदांच्या माथी मारता येणार नाही, कायदा तर ते गेल्यावरचा. पण माळरानावर उभ्या राहिलेल्या साम्राज्याखाली कुणाचं तरी शेत होतं, हेही त्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहायला हवं.

मग हा माणूस थोर का म्हणायचा? मला स्वतःला याचं उत्तर त्यांच्या वडिलांशी तुलना केल्यावर सापडतं. हिराचंदांनी विचारलं असेल, मिळवलेल्यातलं मी देऊ किती? वालचंदांचा प्रश्न बहुधा दुसरा होता: माझ्याकडे पैसा आणि पत आहे, तर जे काम दुसरा कुणी हात लावायला धजत नाही ते मी नाही तर कोण करणार? दान दिसतं, त्याची पावती मिळते, त्यावर आयकरात सूट मिळते. हा दुसरा प्रकार दिसत नाही, कारण तो धंद्यासारखाच दिसतो. शंभर रुपयांचे दीडशे करायचे सोपे रस्ते त्या काळी भरपूर होते. घरची सावकारी होती, कापूस होता, सरकारी कंत्राटं होती. मुंबईत नुसत्या इमारती बांधून भाडं खात बसले असते तरी चार पिढ्या निघाल्या असत्या. आणि कॉलेजला देणगी देऊन जिवंतपणीच पाटी लावून घेता आली असती. बोट, विमान, जहाज, मोटार. चारही वेळा त्यांनी असं दार ठोठावलं की जे आतून बंद आहे हे आधीच ठाऊक होतं. दोनदा दार उघडलं आणि घर सरकारचं झालं.

तुम्ही याला हट्ट म्हणा, महत्त्वाकांक्षा म्हणा, अहंकारही म्हणा. तिन्ही थोडं थोडं असेल. मी वाद घालणार नाही.

शेवट तसा शांत, आणि थोडा उदास. १९४९मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५०मध्ये त्यांनी सिंदियाचं अध्यक्षपद सोडलं. ज्या माणसाला दोन दिवस एका गावात बसवत नव्हतं, तो अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत सेवा केली. गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. मागे मूलबाळ नव्हतं. कारभार भावांकडे आला आणि पुढच्या पिढ्यांत वाटला गेला.

त्या वाटण्यांचं पुढे काय झालं? बंगळुरूचा कारखाना आज एचएएल आहे, तेजस तिथंही बनतं. विशाखापट्टणमची गोदी संरक्षण मंत्रालयाकडे. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला, आणि पुण्याजवळच्या लवासाचं नावही याच कंपनीशी जोडलेलं आहे, ती कथा निराळी आणि फारशी सुखाची नाही. कुर्ल्याहून आता मोटारी निघत नाहीत. रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड २०२४मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतले. पान पसंद तुम्ही खाल्ली असेल. आपल्या शहरात एका फ्लॅट स्कीमची उलाढाल याहून मोठी असते.

इकडे सोलापुरात अशोक चौकात ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या आवारात तुम्ही रोज जाता. तिथे वालचंदांच्या नावाचं कॉलेज आहे आणि कॉमर्सचं हिराचंद नेमचंद कॉलेजही आहे. बाप-लेक दोघं शेजारी. ज्याने आयुष्यभर समाजासाठी काढून ठेवलं तो कॉमर्सला, आणि ज्याने पदवी अर्धवट सोडली तो इंजिनिअरिंगला. सुट्टी झाली की दोन्हीकडची पोरं एकाच रिक्षात कोंबून पार्क चौकात जातात.

आणि सिंदिया? तिची जहाजं आता समुद्रावर नाहीत. पण दरवर्षी ५ एप्रिलला देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, बंदरांवर झेंडे लागतात, दिल्लीत मोठ्या लोकांच्या कोटाला छोटं निशाण टोचतात. ही तारीख लॉयल्टीची आहे, तीच ती, नफा न देता चार वर्षांत भंगारात निघालेली.